मनू, ती डॉक्युमेंट्री बघितली

मनू,
परवा रात्री तू रागारागानं बॅग भरत होतीस तेव्हा मी काहीच बोललो नाही, आणि सकाळी रिक्षात बसताना तू नुसतं "येते" म्हणालीस, वळून पण बघितलं नाहीस, ते डोक्यातनं जात नाहीये. समोर असलीस की माझा आवाज चढतो म्हणून टाइप करतोय.

तू पाठवलेली लिंक बघितली. बर्डन ऑफ ड्रीम्स. दोनदा बघितली, दुसऱ्यांदा आईला शेजारी बसवून. त्या माणसाची जिद्द मला दिसावी म्हणून पाठवलीस ना, दिसली गं. फिट्झकराल्डो ह्या पिक्चरसाठी पेरूच्या जंगलात डायरेक्टर हर्झोगला ३२० टनांची खरी बोट डोंगरावरनं ओढून एका नदीतनं दुसऱ्या नदीत न्यायचीय. पहिला कॅम्प तिथल्याच लोकांनी १९७९ मधे जाळला, त्यांना आपल्या जमिनीची भीती होती. मग दुसरीकडे मांडामांड केली तर हिरोच आजारी पडला, जेसन रोबार्ड्स, चाळीस टक्के शूटिंग झालेलं सगळं पाण्यात, मिक जॅगरला गाण्याची टूर होती म्हणून तो गेला, मग क्लाऊस किन्स्कीला आणून पहिल्यापासून सुरुवात. त्यात नदीचं पाणी आटलं. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून घरी गेला असता. हा त्या जंगलाला शिव्या घालतो आणि वर म्हणतो माझं ह्याच्यावर प्रेम आहे. आई पटकन म्हणाली, ही तर आपली मनू. मला बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू.

पण मी ३१ वर्षं साखर कारखान्यात काढलीत, माझी नजर हिरोवर जाते कुठे, ती दोरावर. ब्राझीलचा इंजिनिअर त्याला सांगतोय की हे सगळं वीस अंशाच्या चढासाठी केलंय, आणि ह्याला चाळीसच पाहिजे, कारण बोट डोंगर चढताना डोळ्यात भरली पाहिजे. इंजिनिअर म्हणाला माणसं मरतील, आणि निघून गेला. काम थांबलं नाही. ज्याच्यावरनं गोष्ट सुचली त्या खऱ्या फिट्झकराल्डनं तर बोट सुटी करून तुकड्यातुकड्यानं नेली होती. आणि खाली चिखलात कोण, तर माचिगेंगा आणि काम्पा आदिवासी, दिवसाला साडेतीन डॉलर, तिथल्या मजुरीच्या दुप्पट. आमचे जड सामान उचलणारे खलाशी पण जादा हजेरी म्हटलं की चढ-उतार विचारायचे नाहीत.

तर माझं एवढंच म्हणणं आहे, तू तिथे लडाखला, हानलेच्या शूटिंगवर सेकंड एडी, म्हणजे डायरेक्टरची दुसरी असिस्टंट. डायरेक्टर म्हणणार शॉट त्या कड्यावरनंच पाहिजे, उजेड चाललाय, लवकर करा. आणि वॉकीवर लाइटमनना "वर चला" म्हणणारा आवाज तुझा असणार. त्यांना डायरेक्टर दिसत नाही, तू दिसतेस. जनरेटरचा ट्रक ओढून काढायचा असला, लाइट वर चढवायचा असला, तर आधी स्वतः जाऊन दोर बघ. सामान बघायला वेगळी माणसं असतात हे मला कळतं, तरी बघ. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, साडेतीन हजार मीटर म्हणजे थट्टा नाही, हानले तर त्याच्याही वर, मोठं हॉस्पिटल लेहलाच आणि तेही अडीचशे किलोमीटरवर. डोकं दुखायला लागलं तर अंगावर काढायचं नाही, कोणाचं दुखत असेल त्यालाही काढू द्यायचं नाही. पाणी पीत राहा. आणि झोप...

झालं, परत लेक्चर. सॉरी. हेच करायचं नाही म्हणून दोनदा खोडून लिहिलंय.

तू म्हणालीस, बाबा, तुम्ही आयुष्यभर घाबरतच जगलात. तेव्हा मला एक सांगायचं होतं, जमलं नाही.

मी २३ वर्षांचा होतो, हेल्परचा नुकता फिटर झालेलो. ऑफ सीझनचं ओव्हरहॉलिंग, मिलचा रोलर उचलायचा होता. वायर रोप तपासायची साधी रीत, त्याच्यावरनं कॉटन वेस्टचा बोळा फिरवायचा, तार तुटलेली असली की धागे अडकतात. मी फिरवला. अडकले. एका जागी नाही, वीतभर अंतरात पाच-सहा ठिकाणी पांढरे धागे लोंबायला लागले, ते मला आजही तसेच दिसतात. साहेब समोर उभे, मोळी टाकायची तारीख ठरलेली, सगळे माझ्याकडे बघतायत. मी ते धागे बोटानं काढले, खिशात घातले आणि म्हणालो, ओके आहे.

अण्णा खाली होते.

अण्णांचा पाय मशिनमधे गेला असं तुला लहानपणापासून सांगितलंय. दोर तुटला होता मनू. तो तुटला की नुसता खाली पडत नाही, चाबकासारखा फिरतो. सगळे म्हणाले नशीब, जीव वाचला. तुझ्या बारशाला अण्णा कुबडी लावून आले आणि तुला मांडीवर घेऊन बसले, तेव्हा मी मागच्या दारी जाऊन उभा होतो, आईला अजून वाटतं की मी आचाऱ्याकडे बघायला गेलो होतो.

म्हणून मी त्या इंजिनिअरचा सीन मागे घेऊन घेऊन बघत होतो. बोट शेवटी वर गेलीच, पिक्चरला कान फेस्टिव्हलला दिग्दर्शनाचं बक्षीस पण मिळालं, पण तो इंजिनिअर सगळ्यांसमोर नाही म्हणून गेला गं. माझ्याच्यानं एक शब्द निघाला नव्हता.

तू माझ्यापेक्षा धीट आहेस. दहावीत सरांना भर वर्गात म्हणालीस ना, गणित चुकलंय म्हणून, मी घरी तुला रागावलो होतो. रागवायला नको होतं. तिथे तसंच बोल. दोर बघ आणि बोल. काम गेलं तर जाऊ दे, घरी ये, इथे काही कमी नाही.

अण्णांना मी हे अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी जातोय त्यांच्याकडे, आईला पण बरोबर घेतोय.

लोकरीची टोपी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, डिंकाचे लाडू खालच्या डब्यात. लेहला उतरलीस की फोन कर, रात्र झाली तरी कर, मी जागा आहे.

बाबा