किल्ट: आडनावाआधी मुलूख

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील स्कॉटिश किल्टवरचा, म्हणजे पुरुषांच्या चुणीदार, घागऱ्यासारख्या पोशाखावरचा लेख वाचला. ‘प्रत्येक आडनावाचा टार्टन (रंगीत चौकडीचा नमुना) प्राचीन काळापासून ठरलेला आहे’ हे त्यातले विधान मात्र टिकत नाही. स्काय बेटावरच्या मार्टिन मार्टिनने १७०३ मध्ये पश्चिमेकडच्या बेटांचे वर्णन प्रसिद्ध केले. चौकड्यांच्या कापडावरून माणूस कोणत्या भागातला ते ओळखता येते, असे तो लिहितो. कुळाचा तिथे उल्लेख नाही. पुढे १७४६ च्या कायद्याने हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या, पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. कुळप्रमुखांकडून टार्टनचे नमुने मागवायला लंडनच्या हायलँड सोसायटीने सुरुवात केली ती १८१५ च्या सुमारास. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा तर नमुन्यांना नावे देण्याची घाईच झाली. बॅनकबर्नच्या विल्सन विणकरांचे कित्येक नमुने तोवर नुसत्या क्रमांकांनी विकले जात होते.

दक्षिणेकडच्या सखल लोलँड भागात किल्ट नव्हताच. सरहद्दीकडचे मेंढपाळ बारीक काळ्या-पांढऱ्या चौकडीची घोंगडी, म्हणजे ‘मॉड’, पांघरत. आज ग्लासगोच्या लग्नातही किल्ट दिसतो, ही अलीकडची गोष्ट. आडनाव कोणत्याच कुळात बसत नसेल तर जिल्ह्याचा टार्टन घ्यावा. मार्टिनच्या साक्षीनुसार तीच रीत जुनी ठरते! दुकानात ‘एन्शंट’ म्हणतात ती फक्त फिकी रंगछटा. कापडाच्या वयाशी तिचा संबंध नाही. कोणता टार्टन कोणी नेसावा याचा सर्वसाधारण कायदाही नाही. राजघराण्याचा बाल्मोरल टार्टन हा ठळक अपवाद.

आता नेसण्याविषयी. लेखासोबतच्या छायाचित्रातल्या किल्टची कड गुडघ्याखाली आली आहे. पँटच्या कमरेचे माप दिले की हमखास असे होते. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो आणि कड गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून मध्यापर्यंत कुठेतरी यावी. गुडघे टेकून ताठ बसल्यावर कड जमिनीपासून इंचभर वर राहिली तर माप बरोबर. जुन्या मोठ्या, न शिवलेल्या किल्टच्या निऱ्या रोज हाताने घालाव्या लागत. आजच्या किल्टच्या चुण्या मागे शिवलेल्या असतात आणि त्यांतच बहुतेक कापड जाते: साधारण आठ वार, म्हणजे सव्वासात मीटर. चुण्या घालताना चौकडी अखंड दिसू द्यायची की प्रत्येक चुणीवर एकच पट्टा आणायचा, हे शिवणाऱ्याला आधीच सांगावे लागते. दुसरी पद्धत पलटणींची. गॉर्डन हायलँडर्सच्या चुण्यांवर पिवळा पट्टा येई, तर आर्गाइल अँड सदरलँड पलटणीच्या चुण्या पेटीसारख्या, दोन्ही बाजूंनी दुमडलेल्या असत.

पुढचे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात. पुरुषाचा वरचा पदर उजवीकडे संपतो आणि झालरीची कड तिथेच दिसते. पिन लावायची ती फक्त वरच्या पदराच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला. छायाचित्रात ती दोन्ही पदरांतून आरपार गेली आहे. असे केले की चालताना किंवा बसताना पदर ताणले जातात आणि कापड फाटते. बसताना मागच्या चुण्या हाताने खाली सारून घ्याव्यात, नाहीतर उठल्यावर त्या चुरगळलेल्या दिसतात. इस्त्री करताना चुण्या सरकू नयेत म्हणून आधी त्यांना धावदोरा घालावा.

स्पोरान, म्हणजे पुढे लटकणारी पिशवी, कमरपट्ट्याच्या बकलापासून चार बोटे खाली. दिवसा साधे चामडे, संध्याकाळी फर आणि धातूची पट्टी. वेस्टकोट असेल तर कमरपट्टा नको. मोज्यांची घडी गुडघ्याच्या वाटीखाली साधारण तीन बोटांवर येते. मोजे धरून ठेवणाऱ्या गार्टरची रंगीत टोके पायाच्या बाहेरच्या अंगाला. छोटा सुरा, स्गीअन डू, उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या मोज्यात खोवावा.

बायकांच्या सॅशबद्दल, म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या टार्टनच्या पट्ट्याबद्दल, लेखात काहीच नव्हते. लॉर्ड लायन या स्कॉटलंडच्या कुलचिन्ह-अधिकाऱ्याच्या मार्गदर्शनानुसार कुळातल्या स्त्रीने ती उजव्या खांद्यावर पिनेने बसवावी. डावा खांदा कुळप्रमुखाच्या पत्नीचा आणि पलटणीच्या कर्नलच्या पत्नीचा. बॉनेटवरच्या, म्हणजे स्कॉटिश टोपीवरच्या, गरुडपिसांचेही तसेच: प्रमुखाला तीन, उपप्रमुखाला दोन, स्वतःचे कुलचिन्ह मंजूर झालेल्याला एक. बाकीच्यांनी पीस न लावता पट्टा-बकलाच्या आकाराच्या कड्यातला बिल्लाच लावायचा.

— एक वाचक