खटका

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आधी कबुली देतो, मग बाकीचं. तू विश्वासाने दिलेल्या ऑटोपायलट बोर्डाचं जीपीएसचं सॉकेट मी उपटलं. ड्रोन तेव्हा टेबलावर होता, बॅटरी लावलेली नव्हती, पंखेसुद्धा काढून ठेवले होते. चार वेळा उलटा पडूनही ज्या बोर्डाला ओरखडा आला नाही, तो एक केबल काढताना गेला. गेला म्हणजे पुरता नाही, ते पुढे सांगतो. फोनवर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून हे पत्र.

झालं असं. जीपीएसचा खांब थोडा मागे न्यायचा होता, कारण त्यातला कंपास पॉवरच्या वायरींच्या फार जवळ येत होता आणि मोटारींनी जोर घेतला की दिशा भरकटायची. त्यासाठी दहा पिनांचा तो प्लग काढणं आलं. जेएसटी कंपनीच्या जीएच जातीचा, दोन पिनांमध्ये १.२५ मिलिमीटर अंतर. अख्खा प्लग दीड सेंटिमीटरही रुंद नाही. त्याच्या पाठीवर मधोमध एक इवलीशी पट्टी असते, तोच खटका. तिचं वायरीकडचं टोक दाबलं की पुढचा आकडा सुटतो आणि प्लग मोकळा होतो. ऐकायला किती सोपं! तुझ्या बोर्डाचं सॉकेट मात्र केसच्या खाचेत आत बसलेलं, शेजारी टेलिमेट्रीचा, म्हणजे जमिनीशी बोलणाऱ्या रेडिओचा, प्लग अंग चोरून उभा, आणि माझं नख त्या पट्टीच्या दुप्पट रुंद. नखाने दाबायला जावं तर पट्टीऐवजी सगळा प्लगच आत ढकलला जातो.

मग चिमटा घेतला. त्याच्या टोकाने पट्टी दाबली, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या हाताने दहाच्या दहा वायरी एकत्र धरल्या आणि ओढल्या. हलेना. जरा डावीउजवीकडे झुलवून पाहिलं. जरा वरही उचललं असणार, हे आता मान्य करतो. आणि मग तो आवाज आला. प्लग सुटल्यावर येते ती कोरडी ‘टक्’ नव्हे. जुनी चिकटपट्टी उचकटावी तसा. प्लग हातात आला आणि प्लगाला सॉकेट लटकलेलं. खटका अजून लागलेलाच! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते डोळ्यांनी पाहिलं.

पाच मिनिटं मी कशालाच हात लावला नाही. मग भिंग काढलं. सॉकेटच्या दोन्ही कुशींचे आधाराचे पत्रे आपापल्या तांब्यासकट निघाले होते, आणि दहापैकी चार पिनांखालचं तांबंही बोर्ड सोडून आलं होतं. त्या चारांत कंपासची माहिती वाहणाऱ्या दोन्ही, एससीएल आणि एसडीए. या सॉकेटांना आरपार गेलेले पाय नसतात रे. पृष्ठभागावरचं सोल्डर आणि त्याखालचा तांब्याचा पातळ थर, एवढ्यावरच सगळा भार. सरळ बाहेर ओढलं तर ते बऱ्यापैकी तग धरतं. वर उचललं की थर सालासारखा सुटतो. हे मला ठाऊक होतं. तुला मीच कधीतरी शहाणपणाने सांगितलंही होतं, ते कृपा करून आता आठवू नकोस.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? खटक्याने आपलं काम चोख केलं याची. मोटारी मिनिटाला हजारो फेरे घेतात, सगळी फ्रेम थरथरते, आणि त्या थरथरीत एखादी पिन क्षणभर जरी सुटली तरी कंपास गप्प. त्यासाठीच तर खटका आहे. तो तेवढा हट्टी नसता तर हवेत सुटला असता. थरथर आणि माझी बोटं, दोन्ही त्याच्या दृष्टीने ओढणारेच. हा कनेक्टर एकदा बसवायचा आणि विसरून जायचा म्हणून केलेला असतो. आपण मात्र आज जीपीएस हलवतो, उद्या रेडिओ बदलतो, परवा काही कारण नसताना उघडून बघतो.

तरी जुने दिवस आठवले की तक्रार मागे घ्यावीशी वाटते. ते डीएफ-१३ जातीचे कनेक्टर आठवतात? अंतर तेच १.२५, पण सोडवायला खटका नाही, नुसती पकड. काढायला जावं तर वायर हातात आणि प्लग जागच्या जागी. पिक्सहॉक या ऑटोपायलट बोर्डांच्या मानकात त्यांच्या जागी जीएच आले तेव्हा आपण दोघं किती खूश झालो होतो. आता निदान प्लग आणि वायर एकत्र येतात. सोबत सॉकेटही येतं, एवढंच.

या खटक्यांचा दुसरा छळ बसवतानाचा. प्लग आत गेला असं वाटतं, पण आकडा लागलेलाच नसतो. एवढ्या छोट्या खटक्याची ‘टक्’ कानाला कळत नाही, बोटाला कळते, आणि तेही बोट थरथरत नसेल तर. अर्धवट बसलेल्या प्लगच्याही पिना टेकलेल्या असतात, म्हणून टेबलावर सगळं हिरवं दिसतं. एकदा दुसऱ्या ड्रोनवर ‘कंपास नॉट हेल्दी’ हा निरोप दर तिसऱ्या वेळी यायचा. मी दोन संध्याकाळी कॅलिब्रेशन करण्यात घालवल्या. ड्रोन हातात घेऊन वेड्यासारखा गोल गोल फिरत होतो, नाक वर, नाक खाली, कूस बदल. शेवटी सहज बोटाने प्लग दाबला आणि तो अर्धा मिलिमीटर आत गेला. टक्. निरोप बंद. आता मी बसवल्यावर प्रत्येक प्लग त्याच्या अंगाला धरून हळूच मागे ओढून बघतो. अंगाला धरून म्हटलं, वायरीला नव्हे. ही अक्कल बसवताना आहे, काढताना का नव्हती ते विचारू नकोस.

असो. दुरुस्तीकडे येतो.

उखडलेल्या तांब्यावर सॉकेट परत बसवायचा विचार एक दिवस केला आणि सोडला. माझा हात तेवढा स्थिर नाही, आणि जे उरलंय तेही घालवलं असतं. मग ध्यानात आलं की या बोर्डाला जीपीएससाठी दुसरं पोर्टही आहे, सहा पिनांचं. आणि गंमत बघ: दहा पिनांच्या पोर्टात पहिल्या पाच जागा पाच व्होल्ट, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची), एससीएल, एसडीए अशा, सहावी सेफ्टी स्विचची, सातवी त्याच्या दिव्याची, आठवी ३.३ व्होल्ट, नववी बझरची आणि दहावी ग्राउंड. सहाच्या पोर्टात पहिल्या पाच हुबेहूब त्याच आणि सहावी ग्राउंड. म्हणजे पाच वायरी जशाच्या तशा, दहावी आणून सहाव्या जागी, मधल्या चारांना रजा. हे कळल्यावर मी इतका आनंदलो की सॉकेट उपटल्याचं दुःख तासभर विसरलो.

फक्त केबल बनवायची होती. सहा पिनांची केबल तयार मिळेल म्हणून मागवली. वर्णनात लिहिलं होतं ‘जेएसटी १.२५’. आली ती पिकोब्लेड या दुसऱ्याच जातीच्या घाटाची. अंतर तेच १.२५, पण अंगकाठी वेगळी, आणि खटका नाही. सॉकेटच्या तोंडाशी नेली तर बसेल असं वाटतं, बसत नाही. सगळीकडे लोक या दोघांना एकाच नावाने हाक मारतात, आणि मिलिमीटरचा आकडा बघून फसतात. तू कधी मागवलीस तर आकड्यावर जाऊ नकोस, जीएच ही दोन अक्षरं लिहिलेली आहेत का बघ आणि चित्रात पाठीवरचा खटका शोध.

मग म्हटलं स्वतःच क्रिंप करू, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल पकडीने दाबून बसवू. अठ्ठावीस गेजची वायर, आतलं तांबं ०.३२ मिलिमीटर, टोकाला जेमतेम दीड मिलिमीटर सोलायची. टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या: पुढची जोडी उघड्या तांब्याला कवळते, मागची सोललेल्या टोकामागच्या आवरणाला. दोन्ही आपापल्या जागी पडल्या पाहिजेत. पुढच्या जोडीत आवरण सापडलं तर वायर धरलेली दिसते पण जोड होत नाही. मागच्या जोडीत नुसतं तांबं आलं तर चार वाकवण्यांत तुटतं. माझ्याकडची पक्कड मोठ्या टर्मिनलांची. अकरा टर्मिनलं घेतली, आठ वाया गेली, एक शिंकेबरोबर उडालं ते अजून सापडलेलं नाही. शेवटी शहाण्यासारखं वागलो: दोन्ही टोकांना आधीच टर्मिनल बसवलेल्या वायरी मिळतात, त्या आणल्या. मधून कापायच्या आणि जोड सोल्डर करून वर नळी आकसवायची. यात कसलीही कमतरता नाही. ज्याला हाताने क्रिंप करण्यातच पुरुषार्थ वाटतो त्याने करावं.

जुन्या प्लगमधून वायर काढायची तर प्रत्येक घराला जी छोटी अडण असते ती सुईच्या टोकाने किंचित हलवून वायर मागून ओढायची. जोर लागला तर थांबायचं, अडण अजून सुटलेली नाही असं समजायचं. आणि नवीन घरात टर्मिनल उलटं शिरलं तर ते अडकत नाही. आत जातं, गोड दिसतं आणि प्लग बसवताना मागून बाहेर येतं.

इथे मी दुसरी चूक करता करता राहिलो. प्लग वायरींच्या बाजूने बघून मोजत होतो आणि चित्र होतं सॉकेटच्या तोंडाकडून काढलेलं. म्हणजे सगळी रांग उलटी. पाच व्होल्टच्या जागी ग्राउंड, ग्राउंडच्या जागी पाच व्होल्ट. लावलं असतं तर जीपीएसही गेला असता. मल्टिमीटरच्या बीपने वाचवलं. बॅटरी जोडायच्या आधी प्रत्येक वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बीपवर तपासायची, ही सवय मला माझ्या छोट्या रेसिंग ड्रोनने लावली, ती गोष्ट तुला सांगितलेली नाही.

त्यात चार मोटारींचा एकच ईएससी, म्हणजे मोटारींचा वेग सांभाळणारा बोर्ड, आणि त्याच्यापासून फ्लाइट कंट्रोलरपर्यंत, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या बोर्डापर्यंत, आठ वायरींची केबल, एसएच जातीची, अंतर फक्त १ मिलिमीटर. दोन्ही बोर्डांना प्लग अगदी छान बसतो. बसतो म्हणून जुळतो असं मी धरून चाललो. पण त्या आठ जागांचा क्रम एका कारखान्याचा एक, दुसऱ्याचा दुसरा. माझ्या जोडीत बॅटरीची वायर कंट्रोलरच्या मोटार-सिग्नलच्या पिनेसमोर येत होती. चार सेलची भरलेली बॅटरी, १६.८ व्होल्ट, आणि समोर ३.३ व्होल्टवर चालणारी चिप. निळा धूर दिसला नाही, दिवाही लागला नाही, नुसतं काहीच झालं नाही. ते ‘काहीच नाही’ धुरापेक्षा वाईट. आता पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये करंट अडवणारा स्मोक स्टॉपर घालतो. पण तो शॉर्ट झाल्यावर धावतो; चुकीच्या पिनेवर आलेल्या व्होल्टेजला तो अडवेलच असं नाही. बीपच खरा.

एसएचला खटका नाही, त्यामुळे तिथे उलटं दुखणं: काढायला सोपं, म्हणून निघूनही येतं. मी त्यावर सिलिकॉनचा थेंब ठेवतो. तुझ्याकडे व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर ते लावू नकोस, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचं घे. आणि अँटेनाच्या त्या गोल यूएफएल कनेक्टरच्या टिकलीबद्दल मी काही लिहीत नाही. तीस वेळा काढघाल एवढंच तिचं आयुष्य, आणि माझी निम्मी अंधारात चाचपडण्यातच जाते.

तर तुझा बोर्ड आता असा आहे. जीपीएस दुसऱ्या पोर्टावर चालतो. कंपासचा मार्ग बदलला म्हणून त्याचं कॅलिब्रेशन नव्याने केलं, पुन्हा ते गोल गोल फिरणं. सेफ्टी स्विच आणि बझर गेले. स्विच सेटिंगमध्ये बंद केलाय, त्यामुळे तू आर्म करताना, म्हणजे मोटारी फिरायला मोकळ्या करताना, पंख्यांपासून लांब राहा, तो तुला आता अडवणार नाही. जुन्या पोर्टावर पिवळी टेप लावली आहे, आतलं बघायचा मोह आवर. दोन बॅटऱ्या उडवून लॉग, म्हणजे उड्डाणाच्या नोंदी, तपासले, कंपासची एकही तक्रार नाही. नवा बोर्ड घेऊन देतो म्हटलं तर तू चिडशील हे माहीत आहे, तरी म्हणतोय, आणि या वेळी मनापासून.

आणखी एक उद्योग न विचारता केलाय. दुसऱ्या पोर्टाजवळची केसची खाच कानशीने दोन मिलिमीटर वाढवली, आता तिथे नख शिरतं. दिसायला थोडं ओबडधोबड आहे. सोबत गिटार वाजवायचं एक पिक ठेवलंय, त्याचं टोक घासून बारीक केलंय. ते पट्टीच्या मागच्या टोकावर बरोबर बसतं. प्लग काढायचा झाला तर त्यानेच काढ. चिमटाही त्याच डब्यात टाकलाय. तो तुझ्याकडेच राहू दे.

तुझाच