बचत गटाच्या काकींना उघडे पत्र

आदरणीय काकी,
सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्यातील एका काजू कारखान्यात मी बावीस बायकांची हजेरी आणि सोललेल्या गराचे किलो लिहिते. शनिवारी पाकिटे भरताना माझ्या हिशेबात कधी रुपयाची चूक निघालेली नाही. म्हणूनच गटाच्या बैठकीनंतर मला मागे थांबवून, "तुझ्या स्वतःच्या खात्यात आज किती आहेत?" असे तुम्ही सहज विचारलेत आणि मला उत्तर देता आले नाही, तेव्हा मी फार ओशाळले. एटीएम कार्ड यजमानांच्या खिशात होते, खात्याला नंबर त्यांचा जोडलेला होता, आणि "तुला कशाला पैशांची दगदग?" या बोलण्याला मी आठ वर्षे माया समजत आले होते.

एसटीचे पैसेही मला रोज सकाळी मोजून मिळत. 2023 च्या मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याच आठवड्यात माझ्या हातावर पडणारे पैसेही अर्धे झाले, हे सांगताना मला हसू आले. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातील कलम 3 वाचून दाखवलेत. तिथे मारहाणीबरोबर आर्थिक छळही लिहिलेला आहे: बाईच्या हक्काचा पैसा अडवणे, घरखर्चाला न देणे, तिच्या स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणे. अंगावर वळ नसल्यामुळे माझे दुखणे कोणत्या रकान्यात लिहावे, हे तोवर मला कळत नव्हते.

तुम्ही घाई करू दिली नाहीत, याबद्दल मी सर्वांत जास्त ऋणी आहे. पगार एकाएकी दुसऱ्या खात्यात वळवला तर त्या संध्याकाळी घरात काय होईल, याचा विचार आधी करायला लावलात आणि 181 ही महिला हेल्पलाइन व 112 हा तातडीच्या मदतीचा, असे दोन्ही नंबर पाठ करून घेतलेत. मग माझ्या नावाचे सिमकार्ड, त्या नंबरावर दुसऱ्या बँकेत खाते, आणि पासबुक तुमच्या कपाटात. आपल्या नावावर कोणती कर्जे आहेत, हे दाखवणारा सिबिलसारख्या संस्थेचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, हे हिशेबनीस असूनही मला ठाऊक नव्हते. तो काढला, तर मोटारसायकलच्या कर्जावर मी सहकर्जदार निघाले. "इथे सही कर" म्हटल्यावर कोऱ्या अर्जावर केलेली ती सही होती. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ यांची यादी आपण लग्नातील फोटो समोर ठेवून केली, सोनाराच्या जुन्या पावत्यांवरून वजने लिहिली, आणि तीच पुढे त्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत न्यायालयात दिलेल्या अर्जाला जोडली. बाईला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हेही तुमच्याकडूनच समजले.

पाटल्या परत आल्या आहेत. मोहनमाळ अजून गहाणच आहे आणि तारखा चालू आहेत. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

खाते उघडताना तुम्ही माझ्या मुठीत कोंबलेले पाचशे रुपये मी दोनदा परत आणले आणि दोन्ही वेळा तुम्ही चहा पाजून मला वाटेला लावलेत. आता ते गटाच्या वहीत तुमच्या नावे जमा केले आहेत. पावती सोबत जोडली आहे.

आपली नम्र,
कारखान्यातील लेखनिक