सांगलीहून ग्रँट रोडला

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हल्ली फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी मोठ्यानं बोलले की आई दचकते, म्हणून हे सगळं कागदावर. आई, तू त्यांना सावकाश वाचून दाखव.

मंगळवारी ऑफिसच्या कामानं ग्रँट रोडला जायचं होतं. टॅक्सीवाल्यानं विचारलं, "पिला हाउसवरून घेऊ का?" प्लेहाउसचं लोकांच्या तोंडी पिला हाउस झालं, हे बाबा, तुम्हीच सांगितलेलं. मी तिथंच उतरले. ते जुनं नाटकघर कधीच गेलं. आता नुसती दुकानं, हातगाड्या आणि हॉर्न. तरी पाय निघेना. ९ मार्च १८५३ ला आपल्या सांगलीची माणसं याच भागात 'इंद्रजित वध' करायला उभी राहिली होती.

तुमची गोष्ट नेहमी ५ नोव्हेंबर १८४३ ला संपायची. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे राजे आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले, तसं काहीतरी आपल्याकडे कर म्हणून विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आणि दरबारात 'सीता स्वयंवर' हे पहिलं मानलं जाणारं मराठी नाटक झालं. ही गोष्ट मला पाठ आहे. पण मला आता तिच्या पुढचं खुणावतं. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले आणि राजाश्रय संपला. विष्णुदास तेव्हा तिशीत होते, पाठीशी अख्खी नाटक मंडळी. घरी बसून चालणार नव्हतं, म्हणून सामान बांधून गावोगाव निघाले आणि मुंबईपर्यंत पोचले.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. म्हणजे आपली माणसं ग्रँट रोडच्या रंगमंचावर उभी राहिली, त्यानंतर पाच आठवड्यांनी! सांगली ते मुंबई सगळा रस्ता गाडीवाटेचा, घाट उतरून. गणपतीची सोंड, सरस्वतीचा मोर, राक्षसांच्या तलवारी, झांजा, मृदंग, सगळं त्या वाटेनं आलं असेल. मी एसटीनं एक बॅग घेऊन आले तेव्हा स्वारगेटपर्यंत रडत होते, आठवतं ना आई?

ज्या थिएटरात ते गेले, ते १८४६ चं, नाना शंकरशेटांच्या जागेवर उभं राहिलेलं. तिथं इंग्रजी नाटकं चालत. आणि यांची रीत कशी? सूत्रधार आणि त्याचे साथीदार बाजूला उभे राहून पदं म्हणणार, आधी गणपती येणार, मग मोरावरची सरस्वती नाचून जाणार, विदूषक सूत्रधाराची फिरकी घेणार, आणि मग मुख्य आख्यान. भाषणं लिहिलेली नाहीत. पद संपलं की नटानं प्रसंग ओळखून आपल्या मनानं बोलायचं. त्या संध्याकाळी इंद्रजित झालेल्या माणसाचा मी फार वेळ विचार केला. हातात कागद नाही, समोर दरबार नाही, तिकीट काढून आलेलं अनोळखी शहर बसलंय, आणि तोंड उघडायचंय. तो बोलला, बाबा.

त्याच वर्षी विष्णुदासांनी तिथंच 'राजा गोपीचंद' हिंदुस्थानीत केलं. मुंबई काही नुसती मराठी माणसांची नव्हती, म्हणून. ऑक्टोबरमध्ये त्याच रंगमंचावर पारशी मंडळींनी रुस्तम-सोहराबचा खेळ लावला होता. एका वर्षात, एका छपराखाली! आपल्या गावच्या माणसानं दुसऱ्याची भाषा उचलली याचा मला इतका अभिमान वाटतो की तिथं रस्त्यात एकटीच हसत होते.

हे सगळं का लिहिते? दिवाळीत तुम्ही म्हणालात, "आमची नाटक मंडळी बंद पडली, पैसा देणारे गेले, आता रंगपेटी देऊन टाकतो कुणाला तरी." त्या वेळी मी गप्प बसले, कारण काय बोलावं कळलं नाही. आता सांगते. पैसा देणारा गेल्यावरच सांगलीकर मंडळी ग्रँट रोडला पोचली. राजा असता तर कदाचित ती आपल्या वाड्यातच राहिली असती.

ती पेटी मला हवी आहे. पत्र्याची, एका बाजूनं गंजलेली, कडी उचलली की सफेद्याचा आणि खोबरेलाचा वास येणारी. आतल्या कप्प्यात जळकं बूच असायचं. पाच वर्षांची असताना तुम्ही मला मांडीवर घेऊन त्यानं राक्षसाच्या भुवया काढल्या होत्या, आणि आई ओरडली होती की सकाळी शाळा आहे, निघणार नाही. खरंच निघाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तशीच वर्गात बसले, मला कुणाचं काही वाटलं नाही.

रंगभूमी दिनाला मी चार दिवस रजा टाकून येते आहे. ५ नोव्हेंबरला तिघंही भावे नाट्यमंदिरात जाऊ, मी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या बघते. त्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, बाबा, यात आता चालढकल नको. मशीन लावायला लाज कसली?

राक्षस पार्टीची, म्हणजे नाटकातल्या राक्षसांची, ललकारी तुम्ही एकदाच करून दाखवली होती, अंगणात, वीज गेलेली असताना. या वेळी ती मला शिकवायची. मी फोनवर टिपून घेईन, आणि स्वतःही म्हणून बघेन.

आई, भडंग जास्त कर, इथल्या मैत्रिणींनाही द्यायचंय. गुडघ्याचं तेल पाठवलंय, रोज रात्री लाव. आणि पेटीची किल्ली मी येईपर्यंत तुझ्याजवळच ठेव.

तुमची लेक