आधी वायर, मग चिमटा

महोदय,

घरच्या घरी विजेचा वापर मोजण्याविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. मुख्य वायर न तोडता चिमटा अडकवला की झाले, शॉक बसायची भीती नाही, असा त्याचा एकूण सूर होता. मी मीटर टेस्टिंगमध्ये एकोणतीस वर्षे काढली, म्हणून राहवले नाही.

तो चिमटा म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, आमची सीटी. 200/5 ची सीटी असेल तर मुख्य वायरीतून 200 अँपिअर जाताना मीटरकडे 5 च येतात. रीडिंगला 40 ने गुणायचे. इथवर लेख बरोबर आहे. पण वायर सोडली की धोका संपला, हे घरोघरी शिकवलेले शहाणपण सीटीला लावू नका. मुख्य वायरीत करंट वाहत असताना सेकंडरी, म्हणजे सीटीतली मीटरकडे जाणारी गुंडाळी, उघडी पडली, तर त्याला तोलून धरणारा करंटच उरत नाही. सगळा जोर गाभ्याचे चुंबक करण्यात जातो आणि उघड्या टोकांवर शेकडो, मोठ्या सीटीत हजारो व्होल्ट उभे राहतात. सीटीच्या सेकंडरीत फ्यूज घालत नाहीत तो याचसाठी.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पॅनेलवरचा अँमीटर बदलायला घेतला. लोड चालू होता. आधी सेकंडरी शॉर्ट करायची असते, म्हणजे तिची दोन्ही टोके लिंकने एकमेकांना जोडायची. पण पाच मिनिटांच्या कामाला कशाला लिंक लावा, असे वाटले. स्क्रू निम्मा सैल झाला आणि टर्मिनलवर चर्रर्र झाले, निळी ठिणगी उडाली, सीटी घुमू लागली. हात कसा मागे आला ते आठवत नाही. टोकाला खड्डा पडलेला तो स्क्रूड्रायव्हर अजून माझ्या पेटीत आहे. साहेबांनी जे सुनावले ते छापण्याजोगे नाही, पण तीच सीटी त्यांनी मला पुन्हा तपासायला लावली. रीडिंग कमी येत होते. गाभ्यात चुंबकत्व अडकून बसले होते. ते उतरवले तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली.

अचूकतेचेही तसेच. सीटीवर क्लास 0.5 लिहिले म्हणजे कायम अर्धा टक्का, असे नव्हे. पूर्ण करंटला अर्धा टक्का. 5 टक्के करंटवर दीड टक्क्यापर्यंत चूक चालते. म्हणून ‘असू दे जरा मोठी’ म्हणून सीटी घेऊ नये. तिन्ही फेजवर सारखा लोड असताना एक सीटी उलटी बसली, तर मीटर एक तृतीयांशच वापर दाखवतो आणि बिल पाहून मालक खूश होतो! चिमट्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतले तर रीडिंग शून्य. चिमट्याच्या तोंडात कचरा असला, तो नीट मिटला नाही, तरी आकडा घसरतो.

आउटपुट व्होल्टमध्ये देणाऱ्या चिमट्यांत सेकंडरीची टोके जोडणारा रेझिस्टर आतच असतो, म्हणून ती उघडी पडत नाही. मिलिअँपिअर लिहिलेल्यांत बहुधा नसतो. पुढच्या लेखात एवढे जरूर छापावे: मेन स्विच बंद करून, आधी चिमट्याच्या वायरी मीटरला जोडा, मग चिमटा मुख्य वायरीवर लावा. काढताना आधी चिमटा, मग वायरी.

— एक निवृत्त मीटर टेस्टर