अश्विनीचा तपास करणाऱ्या संगीता अल्फान्सो मॅडम यांना

आदरणीय संगीता शिंदे-अल्फान्सो मॅडम,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी हातकणंगले तालुक्यात पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलींची अभ्यासिका चालवते. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे आमच्याच तालुक्यातल्या. लग्नानंतर अभ्यास करून फौजदार झालेली मुलगी म्हणून इकडे कौतुकाने तिचं नाव घेतलं जायचं. म्हणून तिच्या तपासाबद्दल आपले आभार मानायचा थोडा हक्क आम्हालाही आहे, असं मी समजते.

11 एप्रिल 2016 ला ती नवी मुंबईतून बेपत्ता झाली. मागे लहान मुलगी. सज्ञान बाई हरवली की मिसिंगची नोंद होते आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. ‘गेली असेल कुठंतरी, येईल’ हे घरच्यांना ऐकावं लागतं. त्यातून ती नवऱ्यापासून वेगळी राहत असेल तर बोलायलाच नको. तिला शोधायच्या आधी लोक तिच्या चारित्र्याचा हिशोब मांडतात. अश्विनीच्या घरच्यांनी उंबरे झिजवले, हायकोर्ट गाठलं, तेव्हा कुठे 2017 मध्ये अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला. संशय होता तो पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरवर, आणि त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनाला त्याला राष्ट्रपती पदक मिळालं होतं.

ते सगळं पेपरात यायला लागलं तेव्हा एका मुलीचे वडील अभ्यासिकेत आले. लेकीची वह्या-पुस्तकं पिशवीत भरता भरता म्हणाले, “बाई, पोलिसातली पोरगी पोलिसांनाच घावंना झालीय. माझीला कुणाच्या भरवशावर धाडू?” मुली माना खाली घालून बसल्या होत्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर आपण आणि आपल्या पथकाने दिलंत. डिसेंबर 2017 मध्ये कुरुंदकरला अटक झाली, 2018 मध्ये आरोपपत्र गेलं. आरोप खुनाचा, पण मृतदेह हाती नाही. वसईच्या खाडीत शोधूनही काही लागलं नाही. अशा वेळी मोबाइलची लोकेशन, लॅपटॉपमधल्या क्लिप, साक्षीदारांचे जबाब यांची साखळी जोडत जायची, आणि तीही अशी की बचावाच्या वकिलाला एक कडी तोडता येऊ नये. आरोपी आपल्याच खात्यातला. त्याच्याविरुद्ध कागद रंगवताना आजूबाजूच्या किती नजरा झेलाव्या लागल्या असतील, याची मला कल्पनाच करता येते. कायद्याच्या पुस्तकात ‘परिस्थितीजन्य पुरावा’ ही दोन ओळींची व्याख्या आहे. मी ती वर्षानुवर्षं पाठ करून घेत आले. तिच्यामागे किती घाम असतो, हे मुलींना या खटल्यामुळे कळलं.

5 एप्रिल 2025 ला पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला खुनाबद्दल दोषी धरलं आणि 21 तारखेला जन्मठेप सुनावली. नऊ वर्षं. फार झाली, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही. लेक आईवाचून मोठी झाली, आणि आईचं अंत्यदर्शनसुद्धा तिच्या वाट्याला आलं नाही. हे दुःख कुठलाही निकाल भरून काढणार नाही. पण ‘ती कुठंतरी निघून गेली’ हा डाग आता कुणी अश्विनीच्या नावाला लावू शकत नाही. एका बाईचं नाव आपण तिला परत दिलंत. त्यासाठी आपल्याला, आपल्या पथकातल्या प्रत्येक शिपाई-हवालदाराला आणि सरकारी वकील प्रदीप घरत यांना मनापासून धन्यवाद.

एक विनंती आहे. कोल्हापूरकडे येणं झालं तर तासभर आमच्या मुलींसाठी काढा. सत्कार-भाषणं काही ठेवणार नाही. यातल्या काहीजणी उद्या ठाण्यात ड्यूटीला बसतील. हरवलेल्या लेकीचा फोटो घेऊन आईबाप समोर आले, तर त्यांना आधी काय विचारायचं आणि त्याच रात्री कुठला कागद हलवायचा, एवढं त्यांना आपल्या तोंडून ऐकायचं आहे.

आपली नम्र,
हातकणंगले तालुक्यातली एक शिक्षिका