धाकट्याच्या नोकरीविषयी

सिडको, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली असेल असे धरून सविस्तर लिहितो आहे. धाकट्याने आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप न धरता द्राक्षबागेत उतरावे, ही बाबांची इच्छा मी समजू शकतो. परंतु आजची पोरे मातीला कंटाळली, हे मला पटत नाही. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणाऱ्या टोळ्यांत तरुण जोडपीच तर असतात.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातले ४६.१ टक्के कामकरी शेतीत होते. शेती कोणत्याही वयाच्या माणसाला सामावून घेते आणि कोणालाही निवृत्त करत नाही, म्हणून आपल्या निफाडच्या बांधांवर साठीपुढची माणसेही राबताना दिसतात. (आई, तुझे बागेतले कष्ट अशा नोंदीत घरच्या उद्योगातली बिनपगारी मदत म्हणून जातात, याचे मला फार वाईट वाटते.) कारखान्याचे तसे नाही. सातपूर-अंबडला अप्रेंटिस म्हणून सहसा विशीतली मुलेच घेतात; ओझरचा एचएएल हा विमान कारखाना असो वा नाशिकरोडची नोटांची प्रेस, भरतीला वयाची अट असतेच. ठेकेदाराकडचे काम चाळिशीत सुटलेले कितीतरी जण इथे रिक्षा चालवतात किंवा सोसायटीच्या दारावर वॉचमन म्हणून उभे असतात. मशीनवर परत गेलेला मला तरी क्वचितच भेटला.

त्याच सर्वेक्षणात बेरोजगारीचे एकूण प्रमाण ३.२ टक्के, तर १५ ते २९ या वयोगटात ते १०.२ टक्के आहे. यावरून मोठ्या वयाच्या लोकांना चांगले काम मुबलक मिळते असे समजू नये. ज्याला पेन्शन नाही त्याला रिकामे बसणे परवडत नाही, त्यामुळे तो मिळेल ती मजुरी पत्करतो किंवा स्वतःच्या शेताकडे वळतो आणि नोंदीत कामाला लागलेला ठरतो. शिकलेला मुलगा मात्र घरच्या आधारावर मनाजोग्या कामाची वाट पाहू शकतो, आणि ती पाहता पाहता कारखान्यात शिरण्याचे त्याचे वय निघून जाते.

धाकट्याचे ते वय आज हातात आहे. बाग त्याला पस्तिशीतही घेईल. म्हणून त्याला अप्रेंटिसशिपचा अर्ज भरू द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ऑक्टोबरच्या छाटणीला टोळीची मजुरी मी पाठवीन आणि घड बुडवण्याच्या, म्हणजे डिपिंगच्या दिवसांत रजा काढून स्वतः येईन. बाबांनी त्याच्याशी एकदा शांतपणे बोलून मला फोनवर कळवावे.

तुमचा,
थोरला